नवं बांधायचं की आहे ते सांभाळायचं? अंदाजपत्रकाच्या सभेआधी एकदा भांडून घेऊ

शेवटचा बाक

अंदाजपत्रकाची सभा जवळ आली की नगरसेवकांच्या तोंडी एकच शब्द असतो: नवीन. नवा पूल, नवं सभागृह, नवं उद्यान. जुन्या पुलाचे सांधे उघडे पडलेत हे सांगायला कुणी उठत नाही, कारण सांधे भरल्याचं उद्घाटन होत नाही. 'येथील गळती अमुक यांच्या शुभहस्ते थांबवण्यात आली' अशी कोनशिला मी तरी अजून पाहिलेली नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पटलं नाही तर या धाग्यावर खाली लिहून झोडपा. आहे त्या रस्त्यांची, नळांची, गटारांची देखभालीची पूर्ण तरतूद आधी बाजूला काढायची, आणि मगच उरलेल्या पैशांतून नव्या कामांचं बोलायचं. काही उरलं नाही तर नवं काम नाही. इटलीत जेनोआचा पूल १४ ऑगस्ट २०१८ला कोसळला आणि ४३ माणसं गेली. १९६७चा पूल होता. रोज हजारो गाड्या त्यावरून जात होत्या, म्हणजे सगळ्यांना तो ठणठणीतच वाटत असणार.

जुनी वही

दुरुस्ती करतो. जेनोआचा तो पूल नगरपालिकेचा नव्हता. महामार्गावरचा होता आणि टोल घेणाऱ्या खासगी कंपनीकडे चालवायला दिलेला होता. नगरसेवकांना त्यात ओढू नका. बाकी मुद्द्यावर सवडीने लिहितो.

कडेची वस्ती

टाळ्या वाजवणारच होते, पण हात मध्येच थांबले. देखभाल कशाची होते? जे आहे त्याची. आणि ते आहे कुठे? ज्यांचा शब्द पूर्वीच्या सभांमध्ये चालला, त्यांच्या भागात. जिथे गटारच नाही तिथे गटाराची डागडुजी फुकटात होते, नाही का? तुमचा नियम लागू केला तर ज्यांच्याकडे रस्ते आहेत त्यांचे गुळगुळीत होतील आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना दरवर्षी 'यंदा उरले नाहीत' हे उत्तर मिळेल.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९मध्ये उलट वाट धरली. भागाभागात लोकांच्या बैठका घेतल्या, कोणतं काम आधी हवं ते त्यांनाच ठरवायला लावलं, आणि वाटप करताना ज्या भागात सोयींची उणीव जास्त त्याला जास्त वजन दिलं. लोकांनी काय मागितलं? सांडपाण्याच्या वाहिन्या, नळ, गल्लीतला पक्का रस्ता. सगळी नवी कामंच की! तुमच्या नियमात यातलं एकही बसलं नसतं. पुढे जगभरच्या शहरांनी तो धडा गिरवला.

पंपघर

ताई, पोर्तो अलेग्रेचं नाव काढलंत म्हणून राहवत नाही. १९४१च्या पुरात शहराला लागून असलेल्या ग्वाइबाच्या पाण्याची पातळी ४.७६ मीटरवर गेली होती. त्यानंतर शहराने बांध घातले, भिंत उभारली, झडपा आणि पंप बसवले. ६ मीटरपर्यंतचं पाणी अडवायचं अशी ती आखणी. मे २०२४मध्ये पाणी १९४१चा विक्रम मोडून ५ मीटरच्या वर गेलं. म्हणजे ६च्या आतच. कागदावर शहर कोरडं राहायला हवं होतं. प्रत्यक्षात झडपांच्या फटींतून पाणी आत आलं, पंपघरं बुडाली, एकामागून एक पंप बंद पडले. भिंत जागेवर उभी आणि शहर पाण्यात.

मी आयुष्यभर पंपांबरोबर काम केलंय, म्हणून हे जिव्हारी लागतं. पूर दर पन्नास-साठ वर्षांनी येत असेल, तर मधल्या प्रत्येक अंदाजपत्रकात झडपेचं रबर बदलणं हा वायफळ खर्च वाटतो. 'गेल्या वर्षी नाही बदललं, काही झालं का?' असं कुणीतरी विचारतंच. काही झालेलं नसतं. दरवर्षी हेच उत्तर, आणि एका वर्षी सगळ्या वर्षांचं व्याज एका रात्रीत वसूल होतं.

कडेची वस्ती

मान्य, हा घाव वर्मी बसला. पण एक गोष्ट तुम्ही गाळलीत. लोकांच्या बैठकांची ती पद्धत २००४ नंतर उतरणीला लागली होती आणि २०१७मध्ये तर पालिकेने ती थांबवलीच. पुराचं खापर तिच्यावर कसं फोडणार? बैठका चालू असत्या तर लोकांनी झडपांचं रबर मागितलं असतं का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. बहुधा नसतंच मागितलं. दिसत नाही ते कुणीच मागत नाही, मग तो नगरसेवक असो की मी.

थेट बोलतो

झालं ना सिद्ध? मग कशाला हव्यात या सभा? बाकाचा रंग हिरवा की तपकिरी यावर तासभर खडाजंगी, कारण बाक सगळ्यांना कळतो. मलनिस्सारण केंद्राचा विषय येतो तेव्हा घड्याळाकडे बघत 'मंजूर, मंजूर'. तज्ज्ञ नेमा, त्यांच्या हाती तिजोरी द्या आणि नगरसेवकांना फीत कापायला ठेवा.

कडेची वस्ती

तज्ज्ञांच्या हाती तिजोरी दिलेलं शहर हवंय? घ्या. अमेरिकेतलं फ्लिंट. शहर कर्जात गेलं म्हणून राज्य सरकारने आणीबाणी व्यवस्थापक नेमला. पैसे वाचवायला एप्रिल २०१४मध्ये डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून नदीचं पाणी सुरू केलं. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालायचं ते घातलं नाही आणि जुन्या नळांतलं शिसं घराघरांत उतरलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत येत होते. मार्च २०१५मध्ये निवडून आलेल्या परिषदेने ७ विरुद्ध १ मतांनी नदीचं पाणी थांबवा असा ठराव केला. व्यवस्थापकांनी तो धुडकावला. खर्च परवडणार नाही म्हणे! ऑक्टोबरमध्ये अखेर डेट्रॉइटचंच पाणी परत घ्यावं लागलं, आणि पुढे नुकसानभरपाईचा आकडा ६० कोटी डॉलरच्या वर गेला.

रंगावरून भांडणारी सभा मला चालेल. बाटली दाखवायला जागा तरी असते.

थेट बोलतो

एका शहरावरून नियम होत नाही. पण ठीक, हे माहीत नव्हतं.

जुनी वही

आता सवड मिळाली. लेखा विभागात जन्म गेला, त्यामुळे तुम्हा सगळ्यांवर थोडा राग आहे. तुम्ही नवं विरुद्ध जुनं असं भांडताय, पण सभेपुढे येणाऱ्या रकमेचा मोठा भाग आधीच बांधलेला असतो. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, कर्जाचे हप्ते. यात हात घालता येत नाही. तुमची कुस्ती उरलेल्या तुकड्यासाठी आहे.

दुसरं, जमाखर्चाच्या वहीत देखभाल महसुली खात्यात, म्हणजे रोजच्या खर्चात बसते आणि नवं बांधकाम भांडवली खात्यात, म्हणजे टिकाऊ मालमत्तेच्या खर्चात. भांडवली कामाला कर्ज मिळतं, अनुदान मिळतं, वरून कुणीतरी पैसे देतं. झाडूवाल्याच्या पगाराला आणि झडपेच्या रबराला सहसा कुणी देत नाही. नवा पूल अर्ध्या किमतीत पडतो असं वाटतं, जुन्याची दुरुस्ती मात्र पूर्ण स्वतःच्या खिशातून. नगरसेवक मूर्ख नसतात हो. गणित त्यांना तिकडेच ढकलतं.

कर्ज काढणं पाप नाही. पन्नास वर्षं टिकणाऱ्या जलवाहिनीचं कर्ज पुढच्या पिढीनेही फेडावं, पाणी तीही पिणार आहे. पाप वेगळं आहे. न्यूयॉर्कने भांडवली कर्जाच्या पैशांतून रोजचा खर्च भागवायला सुरुवात केली आणि १९७५मध्ये बँकांनी हात आखडल्यावर शहर दिवाळखोरीच्या दारात उभं राहिलं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे महापौर म्हणाले होते की ऑलिम्पिकला तोटा होणं म्हणजे पुरुषाला मूल होण्यासारखं आहे. स्पर्धा १९७६ला झाली आणि ते कर्ज फिटायला २००६ उजाडलं.

आणि इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम बघा. सप्टेंबर २०२३मध्ये तिथल्या परिषदेने आवश्यक सेवांपलीकडचा सगळा नवा खर्च थांबवल्याचं जाहीर केलं. कारण पूल नव्हता आणि उद्यानही नव्हतं. बाई कर्मचाऱ्यांना समान वेतन न दिल्याची जुनी देणी आणि एक फसलेली संगणक प्रणाली. तुमच्या दोन्ही पक्षांच्या यादीत ही बाब नव्हतीच.

सभेला जाणार असाल तर भाषण पाठ करू नका. गेल्या वर्षी देखभालीला किती दाखवले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, हे दोन स्तंभ शेजारी ठेवा. दाखवलेले पैसे मधल्या काळात दुसऱ्या कामाकडे वळवले असतील तर कोणत्या ठरावाने, ते विचारा. घसा खरवडून बोलणाऱ्याला सभा 'नोंद घेतली' म्हणते. आकडा विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आणि जमलं तर आधीच, समितीत मसुदा चालू असताना जा. मुख्य सभेपर्यंत सगळं शिजून झालेलं असतं.

शेवटचा बाक

वहीवाले काका, हे आधी लिहिलं असतंत तर माझा धागाच वाचला असता.

बरं, मी एक पाऊल मागे येतो. नव्या कामांना टाळं लावत नाही. नव्या कामाच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर त्याच्या पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा आणि तो कोणत्या खात्यातून येणार हे जोडलेलं असावं. नसेल तर विषय तहकूब. एवढीच मागणी लेखी देतो. सह्या कोण करणार?

कडेची वस्ती

ज्या वस्तीत पहिलाच नळ किंवा पहिलंच गटार पोहोचायचंय, तिथे हा आकडा नसला म्हणून विषय तहकूब होणार नाही, हे वाक्य आधी घाला. नाहीतर तुमच्या चांगल्या नियमाचा पहिला बळी आम्हीच.

शेवटचा बाक

घातलं.

थेट बोलतो

मी सही करतो, सभेला येणार नाही.

पंपघर

मी येईन. पण झडपा कुठल्या पानावर आहेत ते आधी कुणीतरी शोधून सांगा. मला चाळीस पानांत सापडल्या नाहीत.