प्रकाशनसंस्थेतील कथित जातीय शेरेबाजी : वाचकांनी पुस्तके घेणे थांबवावे का?

प्रश्न (वाचक मंडळाचा सभासद, सातारा)

नमस्कार. साताऱ्यातील आमचे वाचक मंडळ वर्गणी काढून वर्षभराची पुस्तके एकत्रच मागवते. यंदाची यादी तयार होत असताना एका मराठी प्रकाशनसंस्थेच्या संपादकीय विभागातील काही संदेशांचे स्क्रीनशॉट आमच्यापर्यंत पोहोचले. एका नवोदित लेखकाच्या हस्तलिखिताबद्दल तेथील एका कर्मचाऱ्याने सहकाऱ्यांच्या गटात जे लिहिल्याचे त्यांत दिसते, त्यात लेखकाचे आडनाव, त्याची जात आणि त्याची गावाकडची बोली यांची हेटाळणी आहे. हे संदेश खरे आहेत असे लेखकाने जाहीरपणे म्हटले आहे. संस्थेने मात्र त्यांचा स्वीकारही केलेला नाही आणि इन्कारही केलेला नाही.

मंडळातील निम्म्या सभासदांचे म्हणणे असे की या संस्थेचे एकही पुस्तक यापुढे घेऊ नये. उरलेल्यांना वाटते की एका माणसाच्या शब्दांसाठी शंभर लेखकांना शिक्षा होईल. असे आवाहन जाहीरपणे केल्यास सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात आपण अडकू, अशी भीतीही एका ज्येष्ठ सभासदांनी व्यक्त केली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (ग्रंथविक्रेता, सातारा)

आपला राग रास्त आहे, परंतु तो कोणाच्या खिशातून वसूल होतो ते पाहावे. दुकानात आज असलेल्या त्या संस्थेच्या बहुतेक पुस्तकांचे पैसे मी आधीच चुकते केलेले आहेत. ती पडून राहिली तर पहिला तोटा माझा आणि दुसरा लेखकाचा. लेखकाशी दहा टक्के मानधन ठरलेले असेल, तर तीनशे रुपयांच्या पुस्तकामागे त्याला तीस रुपये मिळतात, तेही वर्षाअखेरीस हिशेब झाल्यावर. याच संस्थेने दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतील लेखकांची आत्मकथने छापलेली आहेत आणि माझ्याकडे तीच सर्वाधिक विकली जातात. सरसकट खरेदी थांबली तर त्या पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्याच निघणार नाहीत, ही माझी खरी चिंता आहे.

उत्तर २ (शिक्षिका, कराड)

दादांची चिंता मी समजू शकते, तरीही लेखकांचे नुकसान होईल हे कारण पुढे करून विषय मिटवला जाऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ज्या लेखकांच्या नावाने हा युक्तिवाद केला जातो, त्यांना कोणी विचारले आहे काय? आपल्या हस्तलिखिताबद्दलही त्या दालनात असेच बोलले गेले असेल का, हा प्रश्न आज त्यांच्याच मनात सर्वांत आधी आला असणार.

मुळात आपल्या भागात पुस्तक विकत घेणारा माणूस कोण आहे, याचा विचार व्हावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहतील, एका पंक्तीत जेवतील असे वसतिगृह चालवले. अशा शाळांतून आणि वसतिगृहांतून शिकून ज्यांच्या घरात प्रथमच पुस्तक आले, त्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज मराठी पुस्तके विकत घेते. माझ्या वर्गातील मुले घरी जी बोली बोलतात, तीच बोली या हस्तलिखितात होती म्हणे. म्हणजे ज्यांच्या पैशावर संस्था चालते, त्यांच्याच भाषेची आणि जातीची थट्टा तेथे होत असेल, तर हा केवळ एका लेखकाचा अपमान राहत नाही.

तथापि, त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढा, अशी मागणी मी करणार नाही. एकाला घालवून संस्था मोकळी होईल आणि हस्तलिखिते निवडण्याची पद्धत तीच राहील. ते संदेश वाचणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कोणी हरकत घेतली होती का, लेखन नाकारले ते गुणवत्तेवरून की आडनावावरून, आणि तेच हस्तलिखित दुसऱ्या वाचकांकडून पुन्हा तपासून घेण्यास संस्था तयार आहे का, हे मला प्रकाशकांकडून लेखी हवे आहे. जात आडनावातून कळते, हे सर्वांनाच ठाऊक आहे. म्हणून पहिल्या वाचनापूर्वी हस्तलिखितावरील नाव झाकण्याची सोय करणे अवघड नाही, आणि त्यासाठी खर्चही येत नाही.

नकार कसा द्यावा याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुले यांना १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले होते. ते गेले नाहीत आणि का येत नाही, याची कारणे त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांना पत्राने कळवली. त्या कारणांमुळेच तो नकार आजही वाचला जातो. मंडळाने खरेदी जरूर थांबवावी, पण कारणे आणि मागण्या लिहून, प्रकाशकांच्या हातात पत्र देऊन.

उत्तर ३ (वकील, सांगली)

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, जो जुलै २०१७ पासून लागू आहे, तो जातपंचायतीसारख्या गटांनी आपल्याच समाजातील व्यक्तीला किंवा कुटुंबाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. एखाद्या व्यावसायिक संस्थेचा माल न घेण्याचा ग्राहकांचा निर्णय हा त्याचा विषय नाही.

खरा धोका वेगळ्या ठिकाणी आहे. कर्मचाऱ्याचे नाव, छायाचित्र किंवा पत्ता टाकून आरोप पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. लोकहितासाठी केलेले सत्य कथन हा तेथे अपवाद आहे, पण ते सत्य असल्याचे दाखवण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते. म्हणून पत्रात ‘कथित’ हा शब्द ठेवावा आणि संस्थेने खुलासा करावा एवढेच मागावे.

अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा होतो का, असे काहींनी विचारले आहे. जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यासाठी तो प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेले बोलणे त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मधील हितेश वर्मा प्रकरणात म्हटले आहे. कार्यालयातील बंद गटातील संदेशांचे काय, हा वादाचा मुद्दा ठरेल आणि त्याचा निर्णय पीडित लेखकाने आपल्या वकिलाच्या सल्ल्याने घ्यावा. वाचकांना मात्र न्यायालयाच्या निकालासाठी थांबण्याचे बंधन नाही.

उत्तर ४ (विज्ञानकथांचा वाचक, वाई)

अमेरिकेतील टॉर बुक्स या विज्ञानकथांच्या प्रकाशनसंस्थेवर २०१५ साली वाचकांच्या एका गटाने असाच बहिष्कार घातला होता. तेथील कलाविभागाच्या प्रमुख असलेल्या कर्मचारी महिलेने विज्ञानकथांसाठी दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांच्या वादातील दोन गटांना आपल्या फेसबुक खात्यावर नवनाझी, वंशद्वेष्टे अशी विशेषणे लावली होती. प्रकाशक टॉम डोहर्टी यांनी ही संस्थेची भूमिका नाही असे जाहीर केले, त्या कर्मचारीनेही सरसकट विधान केल्याबद्दल क्षमा मागितली, तरीही जूनमध्ये बहिष्काराची हाक दिली गेली. दुखावलेल्या बाजूच्या काही लेखकांची पुस्तकेही टॉरकडेच होती, त्यामुळे त्यांचीच कोंडी झाली.

आपल्या प्रकरणात एक मोठा फरक आहे. तेथे वैयक्तिक खात्यावरील मत होते आणि संस्थेला त्यापासून हात झटकता आले. येथे आरोप आहे तो कामाच्या वेळी, कामाच्या गटात, हातातील हस्तलिखिताबद्दल लिहिल्याचा, म्हणून ‘ते त्यांचे वैयक्तिक मत’ एवढ्या खुलाशावर मंडळाने समाधान मानू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मंडळाची बैठक झाली. कराडच्या ताईंनी मांडलेले प्रश्न आणि नाव झाकून हस्तलिखित वाचण्याची सूचना यांसह पत्र टपालाने व ईमेलने पाठवायचे ठरले आहे. उत्तरासाठी एक महिन्याची मुदत दिली असून तोपर्यंत त्या संस्थेची नवी मागणी नोंदवली जाणार नाही. दुकानात आधीच आलेल्या प्रती घेण्यास मात्र कोणालाही मनाई नाही. तीन सभासदांना ही सवलत मान्य नाही आणि त्यांचे वेगळे मत पत्राला जोडले जाईल. संबंधित लेखकाशीही आम्ही संपर्क साधला असून त्याच्या संमतीशिवाय पत्र बाहेर जाणार नाही. ताई, मसुदा आपल्याला पाठवला तर एकदा नजरेखालून घालाल का?