जुना संगणक विकायचाय, डिस्क खरोखर पुसली गेली याची खात्री कशी करायची?

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं वापरलेला डेस्कटॉप विकायचा आहे. घेणारा ठरलाय, पण संगणक हातातून सोडायला मन धजावत नाही. मी घरून लोकांचे हिशेब लिहून देते, त्यामुळे त्या डिस्कवर माझं थोडं आणि दुसऱ्यांचंच जास्त आहे. बँकेची स्टेटमेंट्स, ओळखपत्रांच्या प्रती, सह्यांचे स्कॅन. सगळं लोकांनी विश्वासाने हातात दिलेलं.

आत दोन डिस्क आहेत. विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर (चिपवर साठवणारी, आत फिरतं काही नसलेली डिस्क), कामाच्या फायली १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. बॅकअप घेतलाय आणि उघडूनही पाहिलाय.

परवा हार्ड डिस्क क्विक फॉरमॅट केली. पूर्ण रिकामी दिसली. तरी खात्री करावी म्हणून पुसलेल्या फायली शोधून काढणारं फोटोरेक चालवलं, तर भराभर फायली वर यायला लागल्या. मूळ नावं गेलेली, नुसते आकडे. त्यातली एक उघडली, तर ज्यांचं काम मी पूर्वी करायचे त्या एका आजींच्या सहीचं पान जसंच्या तसं समोर. निळी शाई, शेवटचं अक्षर जरा थरथरलेलं. पोटात गोळाच आला.

आता विचारायचं असं, की हार्ड डिस्कवर जुन्या डेटावर किती वेळा पुनर्लेखन करावं लागतं, म्हणजे तो परत मिळणार नाही? कुणी ३ सांगतं, कुणी ७, कुणी थेट ३५. एसएसडीलाही हीच पद्धत चालते का? 'एसएसडीवर डीबॅन (डिस्कवर पुन्हा पुन्हा लिहून ती पुसणारं साधन) चालवू नका' असं वाचलं, पण कारण कळलं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, फोटोरेक चालवून पाहिलंत हे फार बरं केलंत. क्विक फॉरमॅट फायलींची नोंदवही तेवढी कोरी करतो, मूळ डेटाला हात लावत नाही. हे घोळ जुनेच आहेत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन संशोधकांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२.

३५ चा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या लेखातून आला. त्या काळच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी ते नमुने होते. आजच्या डिस्कवर सगळेच्या सगळे चालवण्यात अर्थ नाही, हे पुढे त्यांनीच लिहिलं. तुमच्या १ टीबीला शून्यांचा एक पूर्ण फेरा पुरतो. विंडोजच्या डिस्कपार्ट या आज्ञा टाइप करून चालणाऱ्या साधनात 'लिस्ट डिस्क' देऊन आकारावरून आपली डिस्क ओळखा, ती निवडा आणि 'क्लीन ऑल' द्या. नुसतं 'क्लीन' देऊ नका, त्याने फक्त विभागांची माहिती जाते. आणि डिस्कचा क्रमांक दोनदा तपासा, चुकीची निवडली तर परत मिळणार नाही. बॅकअपची डिस्क त्या वेळी काढूनच ठेवा.

एसएसडीचं गणित वेगळं आहे. एकाच जागी लिहून पेशी झिजू नयेत म्हणून तिचा कंट्रोलर लेखन सगळीकडे पसरवतो. शिवाय काही जागा राखीव असते, ती विंडोजला दिसतच नाही. त्यामुळे तुम्ही 'त्याच फायलीवर' लिहिलं तरी प्रत्यक्षात ते दुसरीकडे जातं आणि जुनी प्रत मागे राहू शकते. डीबॅन नको म्हणतात ते याचसाठी. एसएसडीला आतूनच आज्ञा द्यावी लागते, तिला सिक्युअर इरेज म्हणतात. बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) ही सोय असते, नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं साधन पेन ड्राइव्हवरून चालवा.

प्रतिसाद २

पुसण्याआधी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या संगणकावरून मोकळं करून घ्या. काही सॉफ्टवेअर ठरावीक संगणकांवरच चालतात आणि डिस्क कोरी झाल्यावर ते सोडवणं जिकिरीचं होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही नव्या ठिकाणी आलेत का बघा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर दुसऱ्यांची कागदपत्रं असलेली हार्ड डिस्क मी पुसूनही विकणार नाही. ती काढून ठेवा, संगणक फक्त एसएसडीवर द्या. आणि नव्या संगणकावर पहिल्या दिवसापासून बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) सुरू करा, म्हणजे पुढच्या वेळी ही धाकधूक राहणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लायसन्सचं माझ्या डोक्यातच नव्हतं, ते आधी उरकलं.

'क्लीन ऑल'ला साडेतीन तास लागले. पडद्यावर काहीच सांगत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. मध्ये दोनदा वाटलं अडकलं, पण डिस्कचा दिवा चालू होता म्हणून थांबले. नंतर संपूर्ण डिस्कवर फोटोरेक फिरवलं, एकही फाइल आली नाही. तरीही डिस्क काढून ठेवली आहे, आजींची सही डोळ्यांपुढून जात नाही.

एसएसडी बायोसमधून पुसली, मिनिटभरसुद्धा लागलं नाही. इतक्या लवकर कसं झालं?

प्रतिसाद १

काळजी नको. बऱ्याच एसएसडी आलेला डेटा आतल्या आत कूटबद्ध करूनच ठेवतात. सिक्युअर इरेज दिलं की त्याची किल्ली बदलते आणि जुनं सगळं वाचण्यापलीकडे जातं. बाकीच्या एसएसडी सगळे ब्लॉक एकदम मोकळे करतात, तेही झटपट होतं.

धागाकर्ती

आता समजलं. एक सांगायचं राहिलं. संगणक खोक्यात भरताना डीव्हीडीच्या कप्प्याचं बटण दाबलं, तर आत एक डिस्क. वर माझ्याच अक्षरात मार्करने 'सगळे खाते – बॅकअप'. लगेच कात्रीने तुकडे केले. विकण्याआधी तो कप्पा उघडून बघा.