आम्सटरडॅममध्ये कालव्याकाठचं हॉटेल

आई-बाबांना घेऊन जाताय आणि बुटीक हॉटेलला एवढे पैसे घालावेत का विचारलंयत, तर दोन रात्री तरी घालाच. आम्ही पुलित्झर हॉटेलला राहिलो, प्रिन्सनग्राख्त आणि कैझर्सग्राख्त या दोन कालव्यांच्या मधली 17व्या-18व्या शतकातली 25 घरं आतून जोडून केलंय ते, त्यामुळे एक खोली दुसरीसारखी नाही, कॉरिडॉरमधे मधेच दोन पायऱ्या चढा, पुढे परत उतरा, काही ठिकाणी जुन्या लाकडी तुळया, आणि खिडकीतून खाली बोटी जाताना दिसतात, फार सुंदर वाटतं! बाबांचे गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच लिफ्टजवळची खोली मागून घ्या. कालव्याकडचीच हवी असेल तर तेही आधी सांगा, काही खोल्या आतल्या बागेकडे आहेत. आणि हो, भाड्यावर 12.5% टुरिस्ट टॅक्स लागतो, तो धरूनच बजेट करा.