पेप्टाइड यादीत तळाशी असलं तरी
वर कुणीतरी लिहिलंय की सुरकुत्यांच्या क्रीमवर पेप्टाइडचं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचं) नाव घटकांच्या यादीत अगदी शेवटी असेल तर ती शुद्ध फसवणूक. हे मला पटत नाही. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड या अशाच एका पेप्टाइडवरची २००५ ची चाचणी पाहा: ९३ बायका, १२ आठवडे, अर्ध्या चेहऱ्याला साधं क्रीम आणि अर्ध्याला पेप्टाइडवालं. त्यात पेप्टाइड होतं दहा लाखात फक्त ३ भाग, म्हणजे ५० ग्रॅमच्या डबीत जेमतेम ०.१५ मिलिग्रॅम! यादी साधारण जास्त मात्रेकडून कमीकडे जाते, त्यामुळे एवढ्याशा मात्रेचं नाव बहुतेक तळाकडेच येणार. तरी बारीक सुरकुत्यांत फरक मोजता आला. थोडासाच, आणि चाचणी क्रीम बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांची, हेही लक्षात ठेवायला हवं.

"त्यापेक्षा कोलॅजनचं क्रीम लावा" हा सल्ला मात्र कृपा करून कुणी घेऊ नका. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन; त्याचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), आणि त्वचेतून साधारण ५०० च्या वरचं फारसं आत जात नाही. ते वरच्यावर ओलावा धरतं, बस. वरचं पेप्टाइडसुद्धा मुळात ५०० च्या थोडं वरच आहे, म्हणून तर त्वचेत शिरायला मदत व्हावी यासाठी त्याला पाल्मिटिक आम्लाची स्निग्ध शेपटी जोडतात; ती धरून ते ८०० च्या आसपास जातं.

माझ्या आईने असलं सीरम चार महिने नेमाने रात्री लावलं, पण दुपारी गच्चीवर वाळवणं घालताना सनस्क्रीन कधीच नाही. गालावरचे काळे डाग वाढतच गेले. शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी सनस्क्रीनच लिहून दिलं.