अनुभव धागा : वर्गात ऑनलाइन साधन वापरलंत, तेव्हा मुलं काय म्हणाली?

जूनमध्ये शाळा उघडली की ‘शिक्षकांसाठी उपयुक्त 50 ॲप’ छापाच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. प्रशिक्षणातही तेच. नावं पाठ होतात, पण वर्गात नेमकं काय घडतं ते कुणीच सांगत नाही. म्हणून हा धागा. एकच पाठ घ्या आणि लिहा : कोणतं साधन, काय विचारलंत, मुलांनी काय उत्तर दिलं, कुठे अडलं. ‘मुलांना खूप मजा आली’ एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. मजा तर पावसामुळे शाळा लवकर सुटली तरी येते. शाळेचं आणि मुलांचं नाव टाकू नका.

गणित, नववी-दहावी, कोल्हापूर

जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या पडद्यावर हलवता येतात असं साधन), दहावीचं वर्तुळ प्रकरण. अंतर्लिखित कोनाचं प्रमेय मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. तीन कोन काढायचे, तिन्ही समान असं लिहायचं, मुलं उतरवून घेणार. फळ्यावरची आकृती हलत नाही, हीच अडचण.

आता प्रोजेक्टरवर वर्तुळ, त्यात एक जीवा आणि कंसावर एक बिंदू. बिंदू हलवायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं : बिंदू जीवेच्या टोकाजवळ नेला तर कोन वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? बहुतेक जण ‘वाढेल’ लिहितात. मग एकाला माउस देते. तो बिंदू सरकवतो, आकडा जागचा हलत नाही. 47 अंश म्हणजे 47च. वर्गात कुजबुज सुरू होते, ‘अडकलंय वाटतं.’

एका वर्षी माउस धरलेल्या मुलीने बिंदू जीवेच्या टोकावरून पलीकडे नेला. मी सांगितलं नव्हतं. कोन एकदम 133 झाला आणि पुन्हा तिथेच थांबला. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, बेरीज 180!’ चक्रीय चौकोनाचं प्रमेय (समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180) पुढच्या आठवड्यात घ्यायचं होतं, ते त्याच तासाला घेतलं. टाचणात काय लिहायचं हा प्रश्न उरला, तो वेगळा.

तोटाही सांगते. ‘डोळ्यांनी दिसलं ना, मग सिद्धता कशाला?’ हा प्रश्न आता दरवर्षी येतो. ‘बोर्डाच्या परीक्षेत विचारतात’ हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. मी विचारते, आपण किती जागा तपासल्या? कंसावर बिंदू किती? काहींना पटतं, काहींना नाही.

विज्ञान, नववी, अनुदानित शाळा, जळगाव

धाराविद्युत. दोन दिवे एकसरीत जोडले तर दुसऱ्यातून कमी धारा जाते, कारण पहिल्याने ‘खाल्ली’, असं बहुतांश मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. शंभर वेळा सांगूनही निघत नाही. फेटची विद्युत परिपथाची प्रतिकृती वापरतो. (कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केला. त्याआधीच्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. प्रतिकृती फुकट आहेत, बऱ्याच मराठीतही आहेत, आणि फाइल उतरवून घेतली की नेट लागत नाही. आमच्याकडे हा शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा.) पहिल्या दिव्याच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर ॲमीटर लावायला लावतो. तीन आकडे सारखे दिसले की मुलं आधी ॲमीटरवरच संशय घेतात. घेऊ द्या. ती बदलून बदलून लावतात, तिथेच शिकतात.

घट थेट तारेने जोडला की पडद्यावर आग दिसते. पुढचा काही वेळ प्रत्येक गट आगच लावत बसतो, त्याची तयारी ठेवा.

एक गोंधळ होतो. प्रतिकृतीत इलेक्ट्रॉन एका दिशेने धावताना दिसतात आणि पुस्तकातला धारेचा बाण उलट असतो. हे आधी बोलून घ्यावं, नाहीतर पुढचे सगळे प्रश्न त्याचेच.

आणि हो, खरा सेल, खरी तार सोडू नका. पडद्यावर कनेक्शन कधी ढिलं नसतं, सेल मुकाट्याने उतरत नाही. ज्याने खऱ्या परिपथात ‘दिवा का लागेना’ म्हणून अर्धा तास घालवलेला नाही, त्याला परिपथ कळला असं मी मानत नाही.

झेडपी शाळा, चौथी, बीड

आमच्याकडे फोन एकच, माझा. त्यामुळे प्लिकर्स. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षीचं एक कागदी कार्ड द्यायचं. चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, कुणाचं काय ते फोनमध्ये येतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, म्हणून शेजाऱ्याचं बघून वळवता येत नाही. हात वर करायला सांगितलं की हुशार मुलाकडे बघून सगळा वर्ग हात वर करतो, ते इथे बंद.

प्रश्न होता : 1/3 मोठा की 1/4? बहुतेकांनी 1/4 धरलं, चार मोठे म्हणून. उत्तर सांगितलं नाही. शेजाऱ्याला पटवून द्या म्हणालो. एक पोरगं म्हणालं, ‘चौघांत वाटली तर चतकोर भाकर येती, तिघांत वाटली तर जास्तीच येईल की.’ हे बाकाबाकांवरून पसरत गेलं. पुन्हा कार्डं वर करायला लावली, तर चित्र पालटलेलं. ही पद्धत माझी नाही. हार्वर्डचे एरिक मझूर 1991 पासून विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात असंच करत आले : आधी मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा मत. चौथीला भाकरीवर चालतं एवढंच मी सांगतो.

दिवाळीनंतर निम्मी कार्डं कपाटात राहतात. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं सोबत जातात. मी ते क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाही. पट्टा पडला, म्हणजे ऊसतोड संपली, की परत येतात, तेच कार्ड हातात देतो.

इतिहास, इंग्रजी माध्यम, ठाणे

कहूत या ऑनलाइन प्रश्नमंजूषेबद्दल माझं मत सरळ आहे : खेळ म्हणून झकास, चाचणी म्हणून वाईट. बरोबर उत्तर झटकन दिलं तर हजार गुण, अगदी शेवटी दिलं तर त्याच्या निम्मे. म्हणजे इतिहास येतो का यापेक्षा वाचन वेगात होतं का, हे जास्त मोजलं जातं. सावकाश वाचणारी मुलं प्रश्न न वाचताच लाल त्रिकोणाचा पर्याय दाबून मोकळी होतात. मी वेळ वाढवते, गुण बंद ठेवते. मग मुलं म्हणतात, ‘मॅम, बोअर आहे.’ असू दे.

खरा उपयोग झाला तो प्रश्न मुलांना तयार करायला लावले तेव्हा. बरोबर उत्तर देणं सोपं, पण तीन चुकीचे पर्याय असे हवेत की वर्ग फसला पाहिजे. पुरंदरच्या तहाला एका गटाने 1665 बरोबर ठेवून 1666, 1674 आणि 1680 हे पर्याय दिले. का, तर एक आग्र्याचं वर्ष, एक राज्याभिषेकाचं, एक महाराजांच्या निधनाचं. ‘ही सगळ्यांना पाठ असतात, म्हणून फसतील.’ मी घेतलेल्या कुठल्याही उजळणीपेक्षा हे सरस होतं.

मराठी, आठवी, नाशिक

ऑनलाइन भिंतीवर निनावी चिठ्ठ्या चिकटवता येतात, कवितेसाठी वापरलं. कधीच न बोलणारी मुलं लिहिती झाली, पण सगळं रोमन लिपीत. आता कागदावर लिहून फोटो चिकटवतात. अक्षरावरून कोण ते कळतं, त्यामुळे निनावीपणा गेला. काहीतरी सोडावंच लागतं.

भूगोल, पनवेल

गूगल अर्थमध्ये 1984 पासूनची उपग्रहचित्रं वर्षावर्षाने पुढे सरकवत पाहता येतात. सुदूर संवेदनासाठी ॲमेझॉनचं जंगल दाखवणार होतो. मग विचार केला, खिडकीबाहेर काय कमी आहे? नवी मुंबई विमानतळाची जागा उघडली. उलव्याची टेकडी सपाट होताना दिसते, नदीचा प्रवाह वळवलेला दिसतो, हिरवं-करडं जाऊन धावपट्टी उमटते. ऑक्टोबर 2025 मध्ये ज्याचं उद्घाटन टीव्हीवर पाहिलं, तीच ही जागा.

माझ्या वर्गात उलवे, कोपर, चिंचपाडा अशा गावांतून उठलेल्या घरांतली मुलं आहेत. पहिलाच प्रश्न आला : ‘सर, आमचं जुनं घर दाखवा.’ दिसेना. जुन्या चित्रांत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 बाय 30 मीटर, त्यात घर कुठून दिसणार? पुस्तकातली ‘विभेदनक्षमता’ मला मग वेगळी शिकवावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं आज्यांकडून खुणा घेऊन आली : देऊळ टेकडीच्या कुठल्या अंगाला, खाडी घरापासून किती लांब. त्यावरून नकाशावर टाचण्या लावल्या. एका टाचणीवरून दोन घरांत मतभेद झाले, ते अजून मिटलेले नाहीत. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, हे परीक्षेत येणार आहे का? नाही म्हणालो.

विज्ञान, सहावी, पुणे

शून्य सावलीचा दिवस पुण्यात 13-14 मेच्या सुमारास येतो, तेव्हा सुट्टी. पुन्हा जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढग. म्हणून स्टेलॅरियम, पडद्यावर आकाश दाखवणारं ॲप. तारीख आणि गाव टाकलं, 12 वाजले, तर सूर्य डोक्यावर नाहीच! साडेबाराच्या सुमारास आला. ‘ॲप चुकलंय’ असा वर्गाचा निकाल. मग भारताची प्रमाणवेळ 82.5 रेखावृत्ताची आणि आपण बरंच पश्चिमेला, इथपर्यंत यायला दोन तास गेले. नागपूर टाकलं तर दिवस 26 मेच्या आसपासचा आणि वेळही पुण्याच्या आधीची. दोन्ही का बदललं, हे मुलांनाच शोधू दिलं.

संगणक, पिंपरी

दोन सूचना. एक : आम्ही ज्या ऑनलाइन फळ्यावर सगळी टिपणं ठेवली होती ती सेवाच बंद झाली. फुकटच्या जागेत ठेवलेलं दर सत्राअखेर उतरवून घ्या. दोन : मुलांची खरी नावं, ईमेल, फोटो टाकू नका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. हजेरी क्रमांकावर काम भागतं.

गणित, कोल्हापूर

बीडच्या सरांना विचारायचं होतं, कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेट केलीत का? आमच्याकडे पाचवीला करून बघायचंय.

झेडपी शाळा, बीड

नको ताई. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड चमकतो, मग फोन वाचत नाही, खिडकीकडच्या रांगेत तर अजिबातच नाही. साध्या कागदावर छापा, ए-फोरवर दोन बसतात, आणि वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवा. मुलांना सांगा, बोटं नक्षीवर येऊ द्यायची नाहीत, कडेला धरायचं. मागच्या बाजूला क्रमांक मोठा लिहा, वाटताना वेळ वाचतो.