शब्दचर्चा: दाब ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’

मायक्रोग्रिडवरच्या, म्हणजे छोट्या स्थानिक वीजजाळ्यांवरच्या, एका मजकुराचं भाषांतर करते आहे. वीज वाचावी म्हणून व्होल्टेज मुद्दाम थोडं कमी ठेवतात, त्याला मी ‘व्होल्टेजकपात’ लिहिलं. पण ते वाचून वीजच गेली असं वाटतं. ‘विभवांतर घटवणे’ चालेल का? आणि एकमेकींना जोडलेल्या मायक्रोग्रिडना काय म्हणावं?

——

‘विभवांतर’ भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शोभतं. वीजवाहिन्यांच्या कामात मात्र उच्चदाब, लघुदाब हेच शब्द रुळलेले आहेत, तेव्हा व्होल्टेजला ‘दाब’च म्हणा. शिवाय दाब उतरतो आणि उतरवताही येतो. लांबलचक तारेच्या टोकाला दिवा मंद जळतो, तिथे दाब उतरलेला असतो, कुणाला नको असताना. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (गुंडाळीवरची जोडणीची जागा) बदलून किंवा इन्व्हर्टरचं सेटिंग बदलून २३० व्होल्टचे २२० केले, की दाब उतरवला. पहिला दोष, दुसरं नियंत्रण, आणि मराठीत दोहोंमधला फरक एका ‘व’ने कळतो! नाम करायला जाल तर ‘दाबउतार’ होईल आणि नेमका तो ‘व’च गळेल. म्हणून क्रियापदच ठेवा.

‘मायक्रोग्रिड’ आहे तसाच राहू द्या. ‘सूक्ष्मजाल’ म्हटलं की लक्ष आकाराकडे जातं, आणि खरी खूण तर मोठ्या ग्रिडपासून सुटूनही स्वतःच्या बळावर चालणं ही आहे. अनेक जोडलेल्या असतील तर ‘जोडलेली मायक्रोग्रिड’ पुरे.

——

‘उतरवणे’ पटलं. पण ‘वीज वाचावी’साठी येणारा ‘बचत’ हा शब्द फार जपून वापरा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २३० व्होल्टवर हजार वॅट घेणारा साधा हीटर २२० वर सुमारे ९१५ वॅट घेतो, कारण त्याची वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यालाच थर्मोस्टॅट असेल तर पाणी तेवढंच तापवायला तो जास्त वेळ चालतो आणि युनिट जवळपास तेवढीच पडतात. ड्रायव्हर (प्रवाह नियंत्रित करणारं सर्किट) असलेले बरेचसे एलईडी दिवे आणि संगणक तर दाब उतरला की तेवढीच वीज घेण्यासाठी प्रवाह वाढवतात, म्हणजे तारेतला ऱ्हास उलट वाढतो. किती उतरवायचं, तेही टोकाच्या ग्राहकाकडे पुरेसा दाब उरतो की नाही, त्यावर ठरतं.

——

मग ‘बचत’ऐवजी ‘मागणी घटवणे’ लिहू का?

——

त्या घडीचा भार कमी करण्याबद्दल असेल तर हो. मायक्रोग्रिड मोठ्या ग्रिडपासून सुटलेलं असताना आणि बॅटरी उतरत आली असताना त्या घडीचा भारच महत्त्वाचा असतो. दाब जरासा उतरवून काही वेळ भारनियमन टाळता येतं, किंवा मोकळी झालेली वीज शेजारच्या मायक्रोग्रिडला देता येते. महिन्याची युनिट खरोखर घटली असतील, तिथेच ‘बचत’ लिहा.