मदत हवी आहे: गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबट पक्ष्याची ढोली, आणि रविवारी छाटणी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून बघून बघून तीनेक वर्षांत जेवढं शिकले तेवढंच पक्ष्यांतलं कळतं, म्हणून जाणकारांना विचारतेय, आणि घाई आहे कारण येत्या रविवारी झाड छाटायला माणसं येणारेत.

आमच्या पार्किंगच्या कडेला जुना गुलमोहर आहे. आत्ता मार्चमध्ये पानं सगळी गळालेली, नुसत्या काळ्या शेंगा लोंबतायत, त्यामुळे बघणाऱ्याला अख्खं झाडच वाळल्यासारखं वाटतं, पण खरी वाळलेली फांदी एकच, आमच्या बाल्कनीसमोर. फेब्रुवारीच्या शेवटी रोज सकाळी स्कूटीच्या सीटवर लाकडाचा भुसा दिसायला लागला, मला वाटलं भुंगा असेल, पुसून ऑफिसला निघून जायचे. चौथ्या दिवशी मान वर करून बघितलं तर फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक, बाहेर आखूड हिरवी शेपटी, आणि थोड्या थोड्या वेळाने चोचीत भुसा आणून बाहेर टाकणं चालू. तांबट! चिमणीहून जरासाच मोठा, कपाळ आणि गळ्याखालचा पट्टा लालभडक, डोळ्याभोवती पिवळं, चोचीपाशी मिशांसारखे राठ केस. टुक टुक टुक तर जानेवारीपासून ऐकत होते पण तो बोलताना डोकं इकडेतिकडे वळवतो त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळतच नाही. आईचं माहेर कसब्यात, तांबट आळीजवळ, ती म्हणते दुपारी हा आवाज कानावर आला की भांडी ठोकतायत असंच वाटतं.

समोरच्या प्लॉटवरची काटेसावर पण फुललीये, तिच्यावर सकाळी भोरड्यांचा एवढा गोंगाट असतो की फोनवर बोलता येत नाही (आत्ताच बघून घ्या, एप्रिलपर्यंत त्या मध्य आशियाकडे निघून जातात), जांभळा शिंजीर हिवाळ्यात मळकट झाला होता तो परत चकचकीत झालाय, कोकीळ पहाटे साडेपाचला सुरू. पण माझा जीव त्या फांदीत अडकलाय.

कमिटीचं म्हणणं, वाळकी फांदी आहे, खाली मुलं खेळतात, पावसाळ्याच्या आधी पाडलेली बरी. मुलांची काळजी मलाही आहे, त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तांबटाची चोच सुतार पक्ष्यासारखी नसते, त्याला असं मेलेलं मऊ लाकूडच लागतं, हिरव्या फांदीत तो ढोली कोरूच शकत नाही, आणि आमच्या आसपास अशी फांदी ठेवतंय कोण आता? सगळीकडे वाळलं की काप. मी १९७२च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं शिकारीतच धरलंय हे पण सांगितलं, पण कायदा काढला की माणसं अजून चिडतात असा अनुभव आला.

तर विचारायचं असं की आत अंडी आहेत का हे ढोलीला हात न लावता कसं ओळखायचं? तांबट नुसतं रात्री झोपायला पण ढोल्या वापरतात असं वाचलंय. गेले पाच दिवस भुसा पडणं बंद आहे, आणि दिवसा एक आत जातो मग दुसरा बाहेर पडतो, वीस-पंचवीस मिनिटांनी परत तसंच. नर-मादी दिसायला सारखेच त्यामुळे कोण कुठला ते समजत नाही. दोघंही उबवतात ना? आणि उबवायला दोन आठवडे धरले तर पिल्लं उडेपर्यंत साधारण किती दिवस मागून घेऊ कमिटीकडे? मला एकच तारीख सांगायचीये, पुन्हा पुन्हा मुदत मागितली तर कोणी ऐकणार नाही.

अपडेट, गुरुवार रात्र: खूप खूप आभार सगळ्यांचे. ज्या दादांनी लिहिलं की भांडू नका, चेअरमनकाकांना घरी चहाला बोलवून दाखवा, ते अगदी बरोबर निघालं. संध्याकाळी काका आले, शेजारच्या मुलाची दुर्बीण दिली, दहा मिनिटं काहीच नाही आणि मला घाम फुटला, मग एक तांबट येऊन भोकाशी लटकला आणि आतला बाहेर आला. काका काही बोलले नाहीत पण अंधार पडेपर्यंत उठले पण नाहीत.

आता ठरलंय ते असं, फांदीचा टोकाकडचा भाग कापून वजन कमी करायचं, ढोलीचा भाग मे अखेरपर्यंत तसाच, खालचं पार्किंग दोरी बांधून बंद. माझी स्कूटी आजच हलवली. पण ढोली टोकापासून चारेक फुटांवरच आहे, मग मशीनच्या करवतीने फांदी हादरून ते घरटं सोडून जातील का? हातकरवतीने कापून घ्यावं का, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी? छाटणीवाले रविवारी सकाळी आठला येतायत, झाडांच्या कामातलं कळणारं कोणी सिंहगड रोडच्या आसपास असेल तर प्लीज मेसेज करा, नाश्ता आमच्याकडेच.